भाव एका बैलाचा, जोखीम अख्ख्या दावणीची



जत्रांचा हंगाम तोंडावर आला आहे. कार्तिकीला पंढरपूरजवळ वाखरीला दावणी लागतील. मग पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात खरसुंडीला सिद्धनाथाची, माघात बेळगाव जिल्ह्यातल्या चिंचलीला मायाक्काची. तिकडे नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत लाल कंधारी आणि देवणी जनावरं उभी राहतील. सांगोल्याचा आठवडी बाजार तर बारमाही आहेच. यातल्या कुठल्या ना कुठल्या बाजारातून तुमच्यापैकी अनेक शेतकरी खोंड, बैल किंवा गाय घेऊन घरी येणार आहेत. त्या सगळ्यांना हात जोडून एकच सांगायचं आहे. बाजारात आपण भाव एका बैलाचा करतो, पण जोखीम घरच्या सगळ्या दावणीची घेतो. तेव्हा भाव पाडून घेण्यात जेवढा जीव ओतता, तेवढाच जनावराचं आरोग्य, त्याचे कागद आणि आपल्या गोठ्याची राखण यांतही ओता.

हे आत्ताच सांगण्याचं कारण आहे. खिल्लार खोंडांचे भाव गेल्या काही वर्षांत फार चढले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा माणदेशातल्या पैदासकारांच्या हातातलं गिऱ्हाईक गेलं. ट्रॅक्टरमुळे नांगराच्या बैलाची गरज आधीच कमी होत चालली होती. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली, मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शर्यतींना मुभा देणारा राज्याचा कायदा ग्राह्य धरला आणि धावणाऱ्या खोंडाला पुन्हा मागणी आली. खिल्लारचा भाव पावसावर हलतो तसा न्यायालयाच्या निकालावरही हलतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. अशा बाजारात कर्ज काढून उतरणाऱ्याने दोनदा विचार करावा.

सांगितलेली किंमत आणि झालेला सौदा

बेंगळुरूच्या कृषी मेळ्यात २०२१ साली एका हळ्ळीकार वळूची किंमत एक कोटी रुपये सांगितली गेली आणि ती बातमी देशभर फिरली. आपल्याकडच्या प्रदर्शनांतही असे आकडे ऐकू येतात. सांगितलेली किंमत म्हणजे झालेला सौदा नव्हे, हे ध्यानात ठेवा. तुमच्या गावातला खोंड त्या बातमीच्या आधाराने विकायला किंवा घ्यायला जाऊ नका. त्याच बाजारात, त्याच दाताच्या, त्याच अंगाच्या तीन-चार जनावरांचे सौदे खरोखर कितीला तुटले ते आधी फिरून विचारा. सकाळचा भाव आणि उन्हं कलल्यावरचा भाव यांतला फरक पाहा. पेरणीच्या तोंडावर जोडी महाग मिळते, वैरण संपत आली की तीच जोडी उतरते. ज्याला घाई नाही त्याने या दोन वेळा ओळखून व्यवहार करावा.

आपल्या बाजारात अजूनही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. दलालाने हात हातात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं, शेकडा-हजाराची बोटं दाबायची. मालक मान हलवतो आणि बाजूला उभ्या असलेल्या पोराला काहीच कळत नाही. रीत जुनी आहे आणि अनुभवी माणसाला त्यात अडचण येत नाही. पण नवख्याने, एकट्या आलेल्या बाईमाणसाने किंवा परगावच्या गिऱ्हाइकाने शेवटचा आकडा तोंडाने उच्चारून घ्यावा, दलाली किती आणि कोणी द्यायची तेही तिथेच बोलून घ्यावं. इसार दिला तर चिठ्ठी घ्या. बाजार समितीची पावती फाडताना त्यावर खरी रक्कम लिहून घ्या. चार पैसे वाचवायला पावतीवर रक्कम कमी दाखवली, तर उद्या विमा, चोरी किंवा फसवणुकीची तक्रार यांपैकी कशासाठीही तोच कमी आकडा तुमच्या पदरी पडतो.

विकणाऱ्यालाही विनंती आहे. खोड लपवू नका. बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, मोटारीला बुजत असेल, तर सांगून-सवरून द्या. भाव थोडा कमी येईल, पण पुढच्या जत्रेत तुमच्या दावणीपुढे तोच माणूस पुन्हा येऊन उभा राहील.

दात तर बघाच, पण एवढ्यावर थांबू नका

आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला हा हिशोब आपल्याकडे पोरंही जाणतात. साधारण दोन-अडीच वर्षांनी पहिली पक्की जोडी येते आणि साडेचार-पाच वर्षांत जबडा जुळतो. तेव्हा सांगितलेलं वय आणि दात यांचा मेळ बसतो का, ते पाहा. वशिंड, पोळी, शिंगांची ठेवण, कोसा किंवा पांढरा रंग हे सगळं बघून झालं की पुढचं काम सुरू होतं आणि नेमकं तेच आपण टाळतो.

बैल बसलेला असेल तर उठवा. कोणत्या पायावर भार टाकून उठतो ते बघा. कासरा धरून कठीण जमिनीवर वीस-पंचवीस पावलं चालवा, मग उतारावर चालवा, मग वळवा. लंगडणं उतारावर आणि वळणावर लपत नाही. खूर उचलून दोन नखांमधली फट बघा. तिथे फोड किंवा जखम असेल आणि तोंडातून लाळेची तार लोंबत असेल, तर ते जनावर लाळ-खुरकुताचं असू शकतं. तिथून बाजूला व्हा आणि दुसऱ्या जनावराला हात लावण्याआधी हात-पाय धुवा. मान, पाठ, मांड्या यांवरून तळहात दाबून फिरवा. रंगात दिसत नाहीत अशा गाठी हाताला लागतात. शेपटी उचलून गोचीड बघा, कानाच्या आत बघा. नाकपुडी ओलसर हवी, डोळा स्वच्छ हवा, जनावर रवंथ करत असावं. घरात थर्मामीटर असेल तर तो सोबत न्या. गोवंशाचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. उन्हात चालवून आणलेल्या बैलाचा पारा थोडा वर जाईल, पण सावलीत तासभर उभा राहूनही १०४ दाखवत असेल तर सौदा थांबवा.

गाय किंवा पैदाशीचा वळू घेत असाल तर सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची, रक्ततपासणी करून घेण्याचा आग्रह धरा. हा रोग माणसालाही होतो. गाभडलेल्या गायीचा जार उघड्या हातांनी ओढणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांना आणि गड्यांना त्याचा सगळ्यांत मोठा धोका आहे.

कागद नसेल तर बैल नको

महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. त्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर ही त्या जनावराची ओळख आहे. बाजारात नंबर स्वतः वाचा, मोबाइलमध्ये फोटो काढा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा तिथे हजर असलेल्या पशुसंवर्धन खात्याच्या माणसाकडून तो कोणाच्या नावावर आहे ते तपासून घ्या. कान फाटलेला आहे आणि बिल्ला नाही, असं जनावर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. तो चोरीचा माल असू शकतो आणि पुढची सगळी उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील. सौदा झाला की नोंदीवरचं मालकाचं नाव बदलून घ्या. हे काम ‘नंतर बघू’ म्हणून राहतं आणि नेमकं नुकसानभरपाईच्या वेळी आडवं येतं.

वाहतुकीचेही नियम आहेत. १९७८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे जनावरं प्रवासाला योग्य आहेत असा पशुवैद्यकाचा दाखला सोबत लागतो आणि एका मालवाहू वाहनात सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत. गाडीच्या फळीवर वाळू किंवा भुस्सा पसरा, पाय घसरून मोडलेला बैल घरी आणून उपयोग नाही. चढवायला-उतरवायला उंचवटा किंवा फळी वापरा, उडी मारायला लावू नका. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे रस्त्यात गाडी अडवली जाण्याची शक्यता असते. बाजाराची पावती, आरोग्य दाखला, बिल्ल्याचे नंबर आणि गाडीचे कागद एका पिशवीत ठेवा. कोणी अडवून दमदाटी केली तर वाद घालू नका, ११२ ला फोन लावा, पोलिसांनाच कागद दाखवा. आणि ज्यांना एखाद्या गाडीचा संशय येतो, त्यांनाही तेच सांगणं आहे. पोलिसांना कळवा, गाडीतल्या शेतकऱ्यावर हात टाकू नका.

घरी आल्यावर औक्षण करा, पण वेगळं बांधा

नवा बैल घरी आला की आपण पायावर पाणी घालतो, ओवाळतो आणि थेट दावणीला नेऊन बांधतो. ओवाळणं चालू राहू द्या, दावण मात्र बदला.

लंपीने आपल्याला जे शिकवलं ते विसरायला अजून वेळ आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात हा रोग आढळला आणि बघता बघता राज्यभर पसरला. गुरांचे बाजार बंद करावे लागले, जत्रांतल्या दावणी उठल्या. सरकारने मदत दिली ती दुधाळ गायीला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये. ज्यांनी लाखाच्या पुढे मोजून जोडी घेतली होती, त्यांनी या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. बाजारात तुमचा बैल कितीही मोलाचा असो, साथीत मेल्यावर सरकारी मदत ठरलेल्या आकड्याएवढीच येते.

लंपीचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार आठवडेसुद्धा जाऊ शकतात. बाजारात निरोगी दिसलेला बैल घरी आल्यावर आजारी पडतो, तो यामुळे. म्हणून नवं जनावर निदान तीन ते चार आठवडे वेगळं बांधा. जागा नसेल तर शेतातल्या झाडाखाली बांधा, शेजाऱ्याच्या रिकाम्या सपरात बांधा. त्याची घमेली, बादली, कासरा, खरारा वेगळा ठेवा. घरच्या जनावरांचं चारापाणी झाल्यावर शेवटी त्याच्याकडे जा, आणि तिथून परत येताना हात-पाय धुवा. रोज अंगावरून हात फिरवा आणि ताप बघा. लंपी माणसाला होत नाही, पण माशा, डास आणि गोचीड तो गोठ्यात फिरवतात. शेण-मूत साचू देऊ नका आणि गोचिडाचं औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरा.

या कामात घरातल्या बाईचं म्हणणं ऐका. पहाटे गोठ्यात पहिलं पाऊल बहुतेक तिचंच असतं. वैरणीला तोंड न लावलेलं जनावर तिला आधी दिसतं. ‘आज हा नीट खात नाही’ असं ती म्हणाली, तर तो दिवस दवाखान्याचा समजा. १९६२ या नंबरावर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मिळते, तो नंबर गोठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

साथीचा रोग लपवू नका. २००९ च्या केंद्रीय कायद्याने अशा रोगाची खबर देणं मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आजारी जनावर गुपचूप दुसऱ्या बाजारात नेऊन विकणं म्हणजे आपलं दुखणं दुसऱ्याच्या दारात टाकणं आहे. तो दुसराही आपल्यासारखाच शेतकरी आहे. फाशीसारख्या रोगाने जनावर एकाएकी मेलं, नाका-तोंडातून काळपट रक्त आलं, तर ते चिरू नका, कातडं काढू नका, पशुवैद्यकाला बोलवा आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे चुना टाकून खोल पुरा.

लस, चोरी आणि विमा

लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, ब्रुसेलोसिसची चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदा, लंपीची वर्षातून एकदा, हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवा. लस टोचली की लगेच ताकद येत नाही. दोन-तीन आठवडे जावे लागतात. म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी लस टोचून घेण्याला अर्थ नाही, महिनाभर आधी टोचा. लस दिल्यावर बैल बारीक होतो, गाभण गाय गाभडते, असं म्हणून खात्याच्या माणसाला दारातून परत पाठवू नका. शंका असेल तर त्यालाच विचारा. एका गोठ्याने नकार दिला की रोगाला गावात राहायला एक घर मिळतं.

चोरीचं भय अनेक गावांत आहे. रात्री पिकअप लावून जनावरं उचलून नेली जातात. गोठा वस्तीपासून लांब असेल तर दिवा आणि साखळदंड हवाच. शक्य असेल तिथे चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून वस्तीच्या तोंडाशी कॅमेरा लावावा आणि राखणीच्या पाळ्या ठरवाव्यात. आजच एक काम करा. प्रत्येक जनावराचे फोटो काढा. समोरून, दोन्ही बाजूंनी, बिल्ला वाचता येईल असा कान, शिंगं आणि जवळून नाकपुडी. माणसाच्या बोटांसारखे गुरांच्या नाकपुडीवरचे ठसेही प्रत्येकाचे वेगळे असतात. हे फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. चोरी झालीच तर सकाळची वाट बघू नका. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, हद्द आमची नाही म्हणून तुम्हाला परत पाठवता येत नाही. बिल्ल्याचा नंबर आणि फोटो द्या, आणि आजूबाजूच्या आठवडी बाजारांत त्याच दिवशी कळवा.

विम्याबाबत आपल्याकडे मोठी अनास्था आहे. मोबाइलचा विमा उतरवणारं पोरगं लाखाच्या बैलाचा उतरवत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानात केंद्राने २०२४ मध्ये शेतकऱ्याच्या वाट्याचा हप्ता १५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. तुमच्या तालुक्यात ही योजना सध्या कोणत्या कंपनीमार्फत चालू आहे ते पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात जाऊन विचारा. विमा बिल्ल्याच्या नंबरावर उतरतो. बिल्ला पडला तर लगेच कळवा. जनावर दगावलं तर पुरण्याआधी कंपनीला आणि पशुवैद्यकाला कळवा, शवविच्छेदनाचा अहवाल घ्या. विमा असलेला बैल घेतलात तर पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या.

वैरण हीच खरी तिजोरी

माणदेशाने चारा छावण्या पाहिल्या आहेत. २०१२-१३ ला पाहिल्या, २०१८-१९ ला पुन्हा पाहिल्या. त्या दिवसांत वैरणीअभावी चांगल्या गायी आणि खोंड मिळेल त्या भावाने गेले, आणि पाऊस पडल्यावर तीच जनावरं परत घ्यायला दुप्पट पैसे लागले. बैल घेण्याआधी गंजी मोजा. दोन बैलांना रोज आठ-आठ किलो कडबा धरला, तर उन्हाळ्याच्या १२० दिवसांना जवळपास दोन टन लागतो. तेवढा नसेल तर बैलाचे पैसे आधी वैरणीत घाला. मका किंवा कडवळ कापून मुरघास करून ठेवला तर चैत्र-वैशाखात वैरणवाल्याच्या दारात उभं राहावं लागत नाही.

उतरत्या वयाच्या बैलाचाही आधीच विचार करा. आज घेतलेला बैल काही वर्षांनी कामातून जाईल, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळेल असं धरून चालू नका. त्याचं शेवटचं खाणं-पिणं हा खरेदीच्याच खर्चाचा भाग आहे. ते झेपणार असेल तरच कासरा हातात घ्या.

पैदासकारांना एक आग्रहाची विनंती. शर्यतीच्या भावाला भुलून घरातला उत्तम खोंड आणि चांगली कालवड, दोन्ही एका हंगामात विकू नका. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांमध्ये राज्यातली गाय-बैलांची संख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. खिल्लार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ, कोकण कपिला ही आपली जनावरं टिकली ती कोणीतरी चांगली गाय दावणीला राखली म्हणून. कोणत्या गायीला कोणता वळू दाखवला, वासरू कधी झालं, हे वहीत लिहा. चार पिढ्यांची वही असलेल्या खोंडाला नुसत्या तोंडी घराण्यापेक्षा केव्हाही जास्त मान मिळेल.

बाजार समित्या आणि यात्रा कमिट्यांनाही हे आवाहन आहे. तुम्ही दावणीमागे फी घेता, तर प्रवेशद्वारावर पशुवैद्यक बसवा, बिल्ला तपासल्याशिवाय जनावर आत घेऊ नका, आजारी जनावरासाठी वेगळा कोपरा राखा, पिण्याच्या हौदांत रोज स्वच्छ पाणी भरा आणि दिवसभरात तुटलेल्या सौद्यांचे भाव दात आणि जातीनुसार फळ्यावर लिहा. तो फळा लागला तर नवख्याची फसवणूक निम्मी कमी होईल. ग्रामपंचायतींनी गावाबाहेर एक साधं सपर उभारावं, बाजारातून आलेलं जनावर पहिले आठवडे तिथे बांधता येईल. ज्याच्या घरी जागा नाही, त्याचीच अडचण सगळ्या गावाला भोवते.

या हंगामात बाजाराला निघताना सोबत पैशांबरोबर थर्मामीटर, वही आणि एक जाणता माणूस घ्या, आणि घरून निघण्याआधीच वेगळं बांधायची जागा झाडून ठेवा. जागा तयार नसेल तर त्या आठवड्याचा बाजार सोडा. पुढच्या आठवड्यात बाजार पुन्हा भरतो, आणि चांगले बैल तेव्हाही येतात.